दारातली टोपली आणि सडाफटिंग मित्र : या विनोदी चित्रपटांत माया येते कुठून?

पडदापुराण (मूळ लेख)

एकत्र राहणारे दोन-तीन सडाफटिंग मित्र, कुणालाही उत्तर द्यावे न लागणारे त्यांचे मोकळे आयुष्य आणि एके दिवशी दार उघडताच उंबऱ्याशी दिसणारी टोपली, एवढ्याशा भांडवलावर उभे राहिलेले विनोदी चित्रपट मी गेली अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे. गेल्या आठवड्यात मूळ फ्रेंच चित्रपट आणि त्यावरून अमेरिकेत निघालेला चित्रपट असे दोन्ही लागोपाठच्या रात्री पाहिले, आणि आजवर ज्याला मी निव्वळ धमाल समजत होतो, त्यात आणखी बरेच काही आहे हे प्रकर्षाने जाणवले. तेच येथे सविस्तर मांडतो.

कोलीन सेरो या दिग्दर्शिकेचा फ्रेंच चित्रपट १९८५ मध्ये आला. त्याच्या नावाचा अर्थ 'तीन पुरुष आणि एक टोपली-पाळणा' असा होतो. फ्रान्समध्ये त्याची एक कोटीहून अधिक तिकिटे खपली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझार हा फ्रान्सचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार त्याला मिळाला आणि परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकनही झाले. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेत 'थ्री मेन अँड अ बेबी' आला. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेतील स्पॉकच्या भूमिकेमुळे जगभर ओळखले जाणारे लेनर्ड निमॉय यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि टॉम सेलेक, स्टीव्ह गुटेनबर्ग व टेड डॅन्सन यांनी तिघा मित्रांच्या भूमिका केल्या. त्या वर्षी प्रदर्शित झालेल्या चित्रपटांमध्ये अमेरिकेतली सर्वाधिक कमाई याचीच होती, सुमारे १६ कोटी ७८ लाख डॉलर.

कथा दोन्हींची जवळपास एकच आहे. तिघांपैकी एक जण कामासाठी परदेशी जाताना सांगून जातो, की एक पुडके येईल, ते सांभाळून ठेवा, दोन-चार दिवसांत कुणी तरी येऊन घेऊन जाईल. त्याच सुमारास दाराशी बाळ येते, सोबत त्याच्या आईची चिठ्ठी असते आणि उरलेले दोघे मित्र असे धरून चालतात, की मित्राने सांगितलेले 'पुडके' ते हेच. मला ही गंमत फार अर्थपूर्ण वाटते. आपल्या भाषेत बाळ नपुंसकलिंगी असते, 'ते बाळ' असेच आपण म्हणतो, आणि घरातल्या बाळाच्या बाबतीत या 'ते'ची 'ती' किंवा 'तो' कधी झाली हे आपल्यालाही कळत नाही. या दोन मित्रांच्या बाबतीत तेच घडते. पहिल्या दिवशी ते एक सांभाळायचे सामान असते. जेव्हा खरोखरच कुणी तरी ते 'पुडके' न्यायला येते आणि झालेली चूक त्यांच्या लक्षात येते, तेव्हा जीव मुठीत धरून ते धावतात ते सामानासाठी नव्हे. त्या धावण्यात 'ते'ची 'ती' झालेली असते.

पुरुषांचा गोंधळ पाहून हसू येते, असे मी पूर्वी सरसकट म्हणत असे. आता तसे वाटत नाही. फ्रेंच चित्रपटात औषधांच्या दुकानातला जो प्रसंग आहे तो पाहा. मित्रांपैकी एक जण बाळाचे दूध मागायला जातो आणि उत्तरादाखल त्याच्यावर प्रश्नांचाच मारा होतो. बाळ किती महिन्यांचे आहे, दूध पहिल्या टप्प्याचे हवे की दुसऱ्या, बाटलीचे बूच (निपल) दूध कोणत्या वेगाने सोडणारे हवे. आपल्या व्यवसायात तरबेज असलेला, चारचौघांत कधीही न अडखळणारा हा माणूस त्या एका फळीसमोर निरुत्तर उभा राहतो. येथे आपण त्याच्या मूर्खपणाला हसत नाही, कारण तो मूर्ख नाहीच. ज्या कामाला तो आजवर काम म्हणूनही मोजत नव्हता, त्या कामात केवढी विद्या भरलेली आहे हे त्याला एका क्षणात कळते आणि त्याचा चेहरा पाहून आपण हसतो.

अमेरिकी चित्रपटातला माझा सर्वांत आवडता प्रसंग याच्या दुसऱ्या टोकाला आहे. टॉम सेलेकने रंगवलेला पीटर, जो व्यवसायाने वास्तुशिल्पी आहे, तो मांडीवरच्या चिमुरडीला एका मुष्टियुद्धाचे वर्णन वाचून दाखवत असतो. कुणी कुणाला कुठे ठोसा मारला, याचा वृत्तान्त अगदी अंगाईच्या लयीत, मऊ आवाजात चाललेला असतो. मित्र चकित होतो तेव्हा पीटर समजावतो, की काय वाचतो याला महत्त्व नाही, कोणत्या सुरात वाचतो याला आहे. या क्षणी तो गोंधळलेला नाही. त्याने स्वतःच्या अनुभवातून एक गोष्ट शोधून काढली आहे आणि ती बरोबर आहे. तरीही आपण हसतो, आणि ते हसू दुकानातल्या हसण्यापेक्षा कितीतरी खोल असते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दोन्ही चित्रपटांत बाळाचा खरा बाप सुरुवातीच्या सर्वांत कठीण दिवसांत घरी नसतोच. फ्रेंच चित्रपटात तो विमानात काम करतो आणि दूरच्या फेरीवर गेलेला असतो, तर अमेरिकी चित्रपटात तो नट आहे आणि चित्रीकरणासाठी तुर्कस्तानात असतो. रात्री जागणे, दूध उकळणे, लंगोट बदलणे हे सगळे ज्यांचे त्या बाळाशी रक्ताचे काहीही नाते नाही त्या दोघांच्या वाट्याला येते, आणि जीवही आधी त्यांचाच जडतो. बाप परत येतो तेव्हा त्याला पहिल्या धड्यापासून शिकावे लागते आणि शिकवणारे असतात हे दोन मित्र. अमेरिकी चित्रपटात तर तो ही जबाबदारी स्वतःच्या आईच्या गळ्यात घालू पाहतो आणि ती त्याला स्पष्ट नकार देते. रक्ताच्या नात्याने त्याला एका दिवसाचीही सवलत मिळत नाही. आधी माया आणि मग सेवा, असा क्रम आपण गृहीत धरतो. हे चित्रपट मात्र आधी हात कामाला लावतात आणि माया मागाहून, हातांच्या वाटेने येते. कथालेखनाच्या दृष्टीने बापाला दूर पाठवण्याची ही युक्ती मला या कथेतली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते.

जिथे हे चित्रपट बाळापासून दूर जातात तिथे ते ढिले पडतात. मित्राने सांगितलेले खरे पुडके अमली पदार्थांचे असते, त्याचे उपकथानक दोन्हीकडे आहे, परंतु अमेरिकी आवृत्तीत ते बांधकामाच्या जागेवर रचलेल्या सापळ्यापर्यंत लांबवले आहे आणि तो सगळा भाग मला आजही कंटाळवाणा वाटतो. २००७ मध्ये साजिद खान यांनी सिडनीच्या पार्श्वभूमीवर 'हे बेबी' हा हिंदी चित्रपट काढला. त्यात अक्षय कुमार, फरदीन खान आणि रितेश देशमुख हे तिघे बाळाच्या तालावर नाचू लागतात तोवर चित्रपट रंगतो, मात्र विद्या बालन यांनी साकारलेली आई आल्यावर तो दोन मोठ्या माणसांच्या प्रेमाचा आणि भांडणाचा होतो, आणि बाळ रस्सीखेचेतल्या दोरीसारखे उरते.

या प्रकारच्या चित्रपटांबद्दल तुम्हाला काय वाटते? विशेषतः, माया कामातून येते हे माझे म्हणणे तुम्हाला पटते का?

जुनीरिळे

लेख अतिशय आवडला. आपण १९८५ पासून सुरुवात केली आहे, परंतु ही कथा त्याहून बरीच जुनी आहे आणि जुन्या चित्रपटांत आपल्या मुद्द्याला बळकटी देणारे पुरावे सापडतात, म्हणून हा प्रतिसाद.

चार्ली चॅप्लिन यांचा 'द किड' १९२१ चा आहे. भटक्याला गल्लीत टाकून दिलेले मूल सापडते, तो आधी ते दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा मनापासून प्रयत्न करतो आणि कुणीच घेत नाही म्हणून घरी आणतो. पुढच्याच दृश्यात त्याने केलेल्या सोयी पाहण्यासारख्या आहेत. कापडाच्या झोळीत मूल झोपले आहे, वरून दोरीला कॉफीची किटली टांगली आहे आणि तिच्या तोटीलाच दूध पिण्याचे बूच चढवले आहे. एका खुर्चीच्या बैठकीला तो मधोमध भोक पाडतो, ते कशासाठी हे सांगायला नको. सबंध प्रसंगात तो मुलाकडे पाहून एकदाही डोळ्यांत पाणी आणत नाही, त्याचे हात मात्र सतत चालू असतात. चॅप्लिन यांचे स्वतःचे पहिले अपत्य जुलै १९१९ मध्ये जन्मानंतर अवघ्या तीन दिवसांत दगावले होते आणि त्यानंतर लवकरच त्यांनी या चित्रपटाचे काम हाती घेतले. हे ठाऊक असले, की त्या किटलीकडे पाहून नुसते हसता येत नाही.

दुसरे उदाहरण जॉन फोर्ड यांच्या १९४८ च्या 'थ्री गॉडफादर्स'चे. तो विनोदी चित्रपट नव्हे, तथापि त्याचा एक मोठा भाग निर्मळ विनोदाचा आहे. बँक लुटून वाळवंटात पळालेल्या तिघा दरोडेखोरांच्या हाती एक मरणासन्न आई आपले नुकतेच जन्मलेले मूल सोपवते. जॉन वेन आणि त्याचे साथीदार आईच्या सामानातले बालसंगोपनाचे पुस्तक उघडून बसतात, त्यात बाळाच्या अंगाला तेल चोळायला सांगितलेले असते, तेल नसते म्हणून ते चक्क गाडीच्या आसाचे वंगण चोळतात. ही कथा मुळात पीटर काइन यांच्या १९१३ च्या पुस्तकातली असून फोर्ड यांच्या आधीही ती अनेकदा पडद्यावर आली होती. तेव्हा पुरुष, बाळ आणि हातात धरलेले पुस्तक हे दृश्य आता शंभरीच्या पुढे गेले आहे.

पाऊलवाट

मराठीत १९८९ मध्ये अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा 'बाळाचे बाप ब्रह्मचारी' आला होता, त्याची आठवण झाली. त्याचे नुसते नाव पाहा. तीन शब्द, तिन्ही 'ब'कारात, आणि पहिल्या दोन शब्दांनी जे सांगितले ते तिसरा शब्द खोडून काढतो. या प्रकारातल्या तमाम चित्रपटांचे सार एवढ्या थोडक्यात सांगणारे नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. 'ब्रह्मचारी' हा शब्दही अचूक आहे, कारण 'अविवाहित' म्हटले असते तर केवळ माहिती मिळाली असती, हसू आले नसते.

रातराणी

लेख मनापासून लिहिलेला आहे, म्हणून माझा मतभेदही मनापासून नोंदवते.

मी दोन मुलांची आई आहे. हे चित्रपट पाहताना मीही खळखळून हसते, परंतु प्रत्येक वेळी एक प्रश्न मनात उरतो. तीन पुरुष मिळून जे करतात त्यावर आपण टाळ्या वाजवतो, आणि तेच काम एकटीने करणाऱ्या बाईवर कुणी चित्रपट काढत नाही, कारण त्यात 'अनपेक्षित' असे काही नसते. औषधाच्या दुकानातल्या त्या फळीसमोर मीही पहिल्यांदा उभी होते. मलाही त्यातले काही ठाऊक नव्हते. फरक एवढाच, की मला ते ठाऊक असणार असे सर्वांनी धरले होते, त्यामुळे माझे न कळणे विनोदी नव्हते, ती माझी चूक होती. पहिल्या बाळाच्या वेळी बूच बदलायचे असते हेच मला उमगले नव्हते. बाळ दूध ओढून ओढून दमत होते आणि रडत होते, आणि मी ते पोटात दुखण्याचे रडणे समजून रात्रभर त्याचे पोट शेकत होते. तिसऱ्या दिवशी बाटली उलटी धरून पाहिली तेव्हा कुठे लक्षात आले, की दूध थेंबाथेंबानेसुद्धा धड पडत नाही.

'माया कामातून येते' हे आपले वाक्य मला पूर्णपणे पटते. परंतु मग ते आईलाही लागू करा. आईची माया जन्मजात असते असे मानले, की तिच्या कामाची दखल घेण्याची गरज उरत नाही. या चित्रपटांतल्या आईकडेही तसेच पाहिले जाते. बाळ दाराशी ठेवून गेलेली बाई म्हणून आपण तिच्यावर आधीच राग धरतो, आणि बापाने मात्र नऊ महिने चौकशीही केलेली नसते हे विसरून जातो.

पडदापुराण

रातराणी, आपला आक्षेप योग्य आहे आणि लेखात तो यायला हवा होता. माझे लक्ष मित्रांवर एवढे खिळले होते, की आईविषयी मी एक वाक्यही लिहिले नाही, हे आपला प्रतिसाद वाचल्यावर ध्यानात आले.

आपण म्हणता ती गोष्ट फ्रेंच चित्रपटाच्या दिग्दर्शिकेने हेरली होती असे मला आता वाटते. तिथे आई बाळाला परत घेऊन जाते, मित्रांचे मोकळे आयुष्य त्यांना परत मिळते आणि ते त्यांना अजिबात रुचत नाही. बाप तर दारूच्या अमलात अंगरख्याखाली उशी खुपसून, पोटुशा बाईसारखा घरात वावरत आपल्या रितेपणाबद्दल बोलत सुटतो. हा प्रसंग विनोदी आहे आणि त्याच वेळी फार उदास आहे. अमेरिकी आवृत्तीने हा प्रसंग टाळून विमानतळाकडची धावपळ घातली. फ्रेंच चित्रपटात पुढे ती आई परत येते ती पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे, तर नोकरी आणि बाळ दोन्ही एकटीने ओढून ती पार थकलेली असते म्हणून. शेवटी ती बाळाच्याच पाळण्यात अंगाची जुडी करून झोपी जाते. तीन पुरुषांना जे तिघांत वाटून घेऊनही झेपत नव्हते, ते एकटीवर पडल्यावर काय होते हे दिग्दर्शिकेने एका चित्रात दाखवले आहे. मी तो शेवट परवाच पाहिला होता, तरी त्याकडे असे पाहिले नव्हते.

तिसरीघंटा

अमेरिकी चित्रपटात खिडकीच्या पडद्याआड एका मुलाचे भूत दिसते अशी एक वदंता बरीच वर्षे फिरत होती. ज्यांनी ती ऐकली असेल त्यांच्यासाठी सांगतो, की ती टेड डॅन्सनची पुठ्ठ्याची पूर्णाकृती प्रतिमा होती. कथेत तो नट असल्यामुळे जाहिरातीतली ती प्रतिमा घरात ठेवलेली होती आणि दुसऱ्या एका दृश्यात ती स्पष्ट दिसतेही.

पडद्यामागे

मी चित्रीकरणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे या चित्रपटांतला एक कलाकार मला बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, तो म्हणजे स्वतः बाळ. 'थ्री मेन अँड अ बेबी'मधली मेरी ही एक मुलगी नसून त्या जुळ्या बहिणी होत्या, आणि यामागे निव्वळ सोय नाही. कॅलिफोर्नियातले नियम उदाहरणादाखल घ्या. १५ दिवस ते ६ महिने वयाच्या बाळाला चित्रीकरणस्थळी दिवसातून फार तर २ तास ठेवता येते, त्यातही प्रत्यक्ष काम २० मिनिटांहून अधिक घेता येत नाही आणि प्रखर प्रकाशात एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. दुसरे बाळ असेल तरच दिवस थोडाफार पुढे सरकतो.

याचा अभिनयावर काय परिणाम होतो, हे प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. बाळाला संवाद सांगता येत नाही, खूण कळत नाही, पुन्हा तसेच कर असे म्हणता येत नाही. ते जे करील ते घ्यावे लागते. एका चित्रीकरणात मी स्वतः पाहिले आहे, की लिहिलेल्या प्रसंगात बाळाने रडायचे होते आणि त्या नटाने ते शांत करायचे होते. बाळ काही केल्या रडेना, ते टक लावून त्याच्या अंगरख्याच्या गुंडीकडे पाहत राहिले आणि मग मुठीत ती गुंडी घट्ट धरून बसले. नट संवाद विसरला आणि त्याने अगदी हळू हात वर नेऊन ती मूठ आपल्या तळव्यात घेतली. दिग्दर्शकाने लिहिलेला प्रसंग बाजूला ठेवला आणि तेच राखले.

पडदापुराण यांनी म्हटले आहे ते म्हणूनच मला दुहेरी अर्थाने खरे वाटते. या चित्रपटांत नटांना बाळ सांभाळल्याचे सोंग पूर्णपणे करता येत नाही. दूरच्या दृश्यात बाहुली चालते, पण जवळच्या दृश्यात मान खरीच सावरावी लागते, आणि ज्या नटाला ती सावरता येत नाही त्याचे खांदे लगेच ताठलेले दिसतात. सेलेक यांचे खांदे चित्रपटाच्या पूर्वार्धात आणि उत्तरार्धात ताडून पाहा.

शुश्रूषा

मी नवजात बालकांच्या विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. मुष्टियुद्धाच्या वाचनाबद्दल एवढेच सांगते, की पीटरचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. बाळ जन्मतःच आईचा आवाज ओळखते, कारण पोटात असताना ते तो ऐकत आलेले असते, आणि शब्दांचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी आवाजाचा चढउतार त्याला कळतो. थोडा वरच्या पट्टीतला, लांबवलेला, हेलकावे घेणारा आवाज बाळे अधिक लक्ष देऊन ऐकतात.

चित्रपटांनी एका बाबतीत मात्र घोळ केला आहे. पडद्यावर रडण्याला नेहमी एक कारण असते आणि ते सापडले, की रडणे थांबते. प्रत्यक्षात पहिल्या काही आठवड्यांत रडणे वाढत जाते, साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सर्वाधिक असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरते. पोट भरलेले, लंगोट कोरडा, ताप नाही, तरीही बाळ रडू शकते. अशा वेळी बाळाला पाळण्यात सुरक्षित, पाठीवर निजवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जाणे हा निष्काळजीपणा नाही. संतापाच्या भरात बाळाला हलवणे मात्र जिवावर बेतू शकते. तीन मित्रांचे खरे भाग्य मला यातच दिसते, की एकाचा संयम संपला तर बाळ घ्यायला दुसरा उभा असतो.

धाकटामामा

शुश्रूषा यांचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो आहे. हा चित्रपट मी जगलो आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मी आणि माझा थोरला भाऊ दोघेही अविवाहित असताना आमच्या ताईला अचानक रुग्णालयात दाखल करावे लागले. भावजी तिच्याजवळ होते आणि सव्वा दोन महिन्यांची भाची आमच्याकडे आली. ती अकरा दिवस आमच्याकडे होती.

पहिल्या रात्री आम्ही दोघांनी मिळून दुधाची पावडर मोजली. एक जण चमचे मोजत होता आणि दुसरा मोठ्याने आकडा म्हणत होता, तरीही चौथा झाला की पाचवा यावरून आमचे भांडण झाले आणि सगळे ओतून पुन्हा सुरुवात केली. मनगटावर थेंब टाकून पाहायचा हे मला ताईने दूरध्वनीवर सांगितले होते. भाऊ मात्र प्रत्येक वेळी माझे झाल्यावर स्वतःच्या मनगटावरही थेंब टाकून पाहत असे. ढेकर काढायला तिला खांद्यावर घेतले, की माझा हात थरथरत असे, म्हणून मी आधी भिंतीला पाठ टेकवून बसायचो आणि मग भावाकडून तिला घ्यायचो.

माया केव्हा आली ते मला दिवसानिशी सांगता येणार नाही. पहिले चार दिवस केवळ भीती होती, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. सहाव्या किंवा सातव्या दिवशी केव्हा तरी माझ्या लक्षात आले, की ती रडायला लागण्याच्या क्षणभर आधी मला जाग येते. ती आधी नाकातून एक बारीक आवाज काढत असे, आणि भावाला तो कधीच ऐकू येत नसे. त्याला तिची दुसरी एक खूण कळायची. पोट भरत आले, की तिच्या डाव्या पायाची बोटे सैल पडतात, असे तो म्हणायचा. मला ती कधीही दिसली नाही, पण तो सांगेल तेव्हा बाटली काढली तर ती कधी कुरकुरली नाही.

रातराणी

धाकटामामा, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. रडण्याच्या आधीचा तो नाकातला आवाज माझ्या धाकट्याचाही होता आणि घरात तो फक्त मलाच ऐकू येत असे. ही आईची जात्याच असलेली जाण आहे असे मला सगळे सांगत आणि मीही ते खरे मानत आले होते. आपल्याला तो सहा-सात दिवसांत ऐकू येऊ लागला हे वाचून मला फार बरे वाटले, कारण याचा अर्थ असा, की मलाही तो रात्री जागून मिळालेला होता.

एक विचारायचे आहे. फ्रेंच चित्रपटात बाळ गेल्यावर त्या मित्रांचे जे होते, तसे काही आपल्या बाबतीत झाले का? अकरा दिवसांनी भाची परत गेली तेव्हा काय झाले?

जुनीरिळे

रातराणी यांनी विचारले तेच मीही विचारणार होतो. तोवर एका हिंदी चित्रपटाचा उल्लेख करतो, कारण शुश्रूषा यांच्या प्रतिसादाशी त्याचा संबंध आहे. मेहमूद यांचा १९७४ चा 'कुंवारा बाप' ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, की देवळात सापडलेल्या मुलाला रिक्षा ओढणारा नायक जिवापाड जपतो, मात्र पोलिओची लस द्यायची असते हेच त्याला ठाऊक नसते आणि मूल पायाने अधू होते. मुलाची भूमिका मेहमूद यांच्याच मुलाने केली होती, आणि त्याला प्रत्यक्षातही पोलिओ झालेला होता. माया अपार असूनही माहिती नसली तर काय होते, हे या प्रकारच्या विनोदी चित्रपटांपैकी बहुधा याच एका चित्रपटाने दाखवले आहे. औषधाच्या दुकानातले प्रश्न येथे कुणी त्या बापाला विचारलेच नाहीत.

धाकटामामा

रातराणी, आपण विचारले म्हणून सांगतो.

ताई बरी होऊन घरी आली आणि संध्याकाळी भावजी येऊन भाचीला घेऊन गेले. आम्हा दोघांनाही हायसे वाटले होते. भाऊ म्हणाला, की आज अकरा दिवसांची झोप एकदम काढू, आणि आम्ही नऊ वाजताच दिवे मालवले.

रात्री दोन वाजता मला जाग आली. दोनला तिची दुधाची वेळ असे. खोलीत अर्थातच कसलाही आवाज नव्हता. मी कूस बदलली, तेवढ्यात स्वयंपाकघरातला दिवा दिसला म्हणून उठून गेलो. भाऊ ओट्याशी उभा होता. त्याने बाटलीसाठी पाणी तापत ठेवले होते आणि रिकामा चमचा हातात धरला होता. ती गेली हे पाणी ठेवल्यावर आठवले, असे तो म्हणाला. पातेल्यातले पाणी उकळायला लागेपर्यंत आम्ही दोघेही तिथेच उभे होतो, मग त्याने गॅस बंद केला.